अनुराधाचा रविवारचा ब्रेड

२२ सप्टेंबर, रविवार. ब्रिस्टल

अनुराधा गुरुवारी गेली. दोन आठवड्यांसाठी गेली आहे. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण सकाळपासून तिघांनी फोन करून विचारलं आणि सांगताना दर वेळी माझा आवाज उगीचच चढत गेला.

नोरा आजारी आहे. नोरा म्हणजे अनुराधाची जुनी घरमालकीण. आमचं लग्न झालं एक्याऐंशी साली, आणि चार-सहा महिन्यांतच अनुराधाला नॉर्दर्न आयर्लंडमधल्या एका लहानशा हॉस्पिटलात नोकरी मिळाली. मी पुण्यात आणि ती काउंटी डाऊनमधल्या समुद्राकाठच्या गावात, नोराच्या माडीवरच्या खोलीत. पुढे मला इथे ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी तिला तिथून सोडवलं. तेव्हा तिकडे बॉम्ब फुटायचे. माझी आई पुण्यात रेडिओला कान लावून बसायची. 'तुला सोडवलं' असं आमच्या घरात इतकी वर्षं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो. अनुराधाला जुन्या गोष्टी काढायची सवय नाही.

मधल्या काळात ती दर तीन-चार वर्षांनी आठवडाभर नोराकडे जाऊन यायची. मी तिला कधी अडवलं नाही. या वेळीही नाही. नोराच्या पुतणीचा फोन आला, 'ती सारखी अनूला विचारतेय', आणि अनुराधाने त्याच संध्याकाळी बॅग भरली. निघताना दारात उभी राहून म्हणाली, "तुम्हाला कधी नोराला भेटावंसं वाटलं नाही, ना?"

मी म्हटलं, "अगं, ती तुझी माणसं. मी मध्ये कशाला?"

ती हसली आणि टॅक्सीत बसली.

आज रविवार. दर रविवारी ती उठल्या उठल्या ओव्हन लावते आणि ओट्स घातलेला सोडा ब्रेड करते, नोराने शिकवलेला. मी इतकी वर्षं त्यावर लोणी लावून खात आलो आणि मनातून मला पोहे हवे असायचे. आज पोहे केले. उत्तम झाले. तरी सकाळभर काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं, मागच्या दाराची कडी पाहिली. जेवताना कळलं, घरात ब्रेडचा वास नव्हता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

फोन झाला. नोरा थोडं सूप घेते. अनुराधाच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि मागे डोंगर. "पाऊस नसला की असं ऊन पडतं इथे," ती म्हणाली, "तुम्हाला आवडलं असतं."

मी तिला सांगितलं की बॉयलरचा माणूस येऊन गेला, सगळं ठीक आहे म्हणाला. तिने ऐकून घेतलं.

२९ सप्टेंबर, रविवार

ब्रेड करायचं ठरवलं. जन्मभर विमानाचे पंख तपासलेल्या माणसाला एक ब्रेड जमू नये असं त्यात काही नाही. सामान पाच गोष्टींचं: जाडसर कोंड्याचं पीठ, ओट्स, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. दुकानात बटरमिल्कचा डबा मिळतो, पण ताक विकत आणायचं म्हणजे हद्द झाली. घरचं दही घुसळलं, आपण पितो तसं पाणी घालून सारखं केलं. इतकं छान झालं होतं की एक ग्लास आधी मीच प्यायलो.

पीठ पातळ झालं. आणखी पीठ घातलं. मग मळलं, आई मळायची तसं, मनगटाचा जोर लावून, लुसलुशीत होईपर्यंत. तेलाचा हात फिरवला, ओला फडका टाकला आणि अर्धा तास मुरत ठेवलं. तेवढ्यात पेपर वाचून झाला.

गोळा ट्रेवर ठेवला आणि दचकून मागे सरलो. पितृपक्ष चालू, आणि समोर गुळगुळीत पांढरट गोळा. थेट पिंड! आई कणकेच्या गोळ्यावर बोटं दाबून ठेवायची ती याचसाठी, तो पिंडासारखा दिसू नये म्हणून. मीही चार बोटं दाबली. मग आठवलं, अनुराधा वर सुरीने खोल फुली मारते. नोराच्या गावात म्हणतात की त्या चिरेतून पऱ्या बाहेर पडतात. मी फुलीही मारली. पितर आणि पऱ्या, दोघांची सोय झाली.

ब्रेड ज्या उंचीचा आत गेला त्याच उंचीचा बाहेर आला. साध्या सुरीने कापेना. एक तुकडा चहात बुडवून खाल्ला, बाकीचा बागेत टाकला. कबुतराने एकदा चोच मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सांगणार नव्हतो, पण फोनवर बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून सांगितलं.

"मळलंत?" अनुराधाने विचारलं.

"म्हणजे काय! चांगलं दणकून मळलं."

"आणि मग?"

"मग मुरायला ठेवलं. ओल्या फडक्याखाली, अर्धा तास."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं लाइन गेली. मग लक्षात आलं, ती हसतेय. मागून एक म्हातारा आवाज काय झालं म्हणून विचारत होता आणि ती इंग्रजीत सांगत होती की माझ्या नवऱ्याने सोडा ब्रेडचं पीठ झोपवून ठेवलं. मग दोघीही हसल्या. नोराला हसता हसता खोकला आला.

"अहो, सोडा ताकाला भेटला की तिथल्या तिथे कामाला लागतो. पोळ्यांच्या कणकेसारखं नाही ते. हाताने नुसतं एकत्र करायचं आणि लगेच ओव्हनमध्ये. मळायचं तर अजिबात नाही."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तेही खरंच. तिच्या कामात मी कधी लुडबुड केलेली नाही. फोन ठेवल्यावर फार बरं वाटलं. ती अशी खदखदून हसलेली मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पुन्हा हसावी म्हणून आणखी काय बिघडवता येईल याचा विचार करत बसलो.

६ ऑक्टोबर, रविवार

दोन आठवडे होऊन गेले. नोराला बरं नाही, म्हणून आणखी थोडे दिवस. मी म्हटलं, "रहा, रहा."

आज न मळता केला, न मुरवता. पण मागच्या वेळी फुगला नव्हता म्हणून सोडा सढळ हाताने घातला. ब्रेड फुगला, आतून पिवळा-हिरवा झाला आणि चवीला साबण. त्यात शशी आला. शशी म्हणजे माझा इथला सर्वांत जुना मित्र, भूल देणारा डॉक्टर होता, आता माझ्यासारखाच रिकामा. त्याने एक घास खाल्ला, बराच वेळ चावला.

"श्री, ॲसिडिटीवर उत्तम आहे हे. जेवणानंतर अर्धी स्लाइस दे लोकांना."

"फेकून दे."

"वहिनी कधी येतायत?"

"पुढच्या आठवड्यात."

"हे तू मागच्या आठवड्यातही म्हणालास."

अनुराधाची एक सवय आहे. दुसऱ्या खोलीतून 'अहो' म्हणून हाक मारते आणि पुढे काहीच म्हणत नाही. मी 'काय गं' म्हटलं की तिचं काम झालं. मी घरात आहे ना, एवढंच तिला बघायचं असतं. याचा मला वैताग यायचा. काल दुपारी मी मोठ्याने 'काय गं' म्हणालो. डिशवॉशर थांबल्याचा आवाज होता. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उगीचच उभा राहिलो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

नोरा काल गेली. अनुराधा शेजारी होती.

तिकडे माणूस गेला की दोन-तीन दिवस घरातच ठेवतात आणि कोणी ना कोणी सतत सोबत बसतं. शेजारीपाजारी येतात, चहा पितात, गेलेल्या माणसाच्या गमती सांगतात. अनुराधा त्या सगळ्यांसाठी ब्रेड करतेय. एक संपला की दुसरा.

"सगळं गाव येऊन गेलं," ती म्हणाली. आवाज बसला होता.

"बरं झालं. म्हणजे तू एकटी नाहीस."

"परवा अंत्यविधी आहे. ब्रिस्टलहून बेलफास्टला सकाळचं विमान असतं."

मला आमची लेक आठवली. "हो, पण देविकाला हीथ्रोहून सोपं पडेल ना? ती येतेय म्हणालीस."

"हो, ती येतेय," अनुराधा म्हणाली.

फुलं पाठवली. कार्डावर काय लिहावं ते सुचेना. नोराला मी कधी भेटलो नव्हतो. नाताळात फोनवर दोन वाक्यं, तीही हवामानाबद्दल. शेवटी 'श्रीनिवास, ब्रिस्टल' एवढंच लिहिलं.

विमानाची वेळ तिने मला कशाला सांगितली ते आधी कळलं नाही. मग वाटलं, परत यायचं मनात असेल, म्हणून चौकशी करून ठेवली असेल. त्या आनंदात तिच्या बाजूची उशी उन्हात घातली.

२० ऑक्टोबर, रविवार

देविका आली होती. आमची एकुलती एक लेक, ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अंत्यविधीला जाऊन आली आणि आज थेट माझ्याकडे. मी हट्ट सोडून दुकानातलं बटरमिल्क आणलं होतं. दाट, आंबट, आपल्या ताकाशी काही नातं नसलेलं. त्याचा ब्रेड बरा झाला.

"बाबा, ही ब्रेड मस्त झाला," देविका म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, आणि मी ते दुरुस्त करत नाही, कारण दुरुस्त केलं की ती इंग्रजीत जाते.

"आई कधी येतेय म्हणाली?"

"आय डोन्ट नो." तिने लोणी लावता लावता माझ्याकडे पाहिलं. "बाबा, आई तिथे वेगळा असते. सगळे तिला अनू म्हणतात. चर्च हॉलमध्ये लंच क्लब आहे, तिथे ती म्हाताऱ्या लोकांची बीपी चेक करते. आणि खूप लाऊड हसते. मी आईला असा नाही बघितला कधी."

"नोराचं घर आवरायचं असेल. त्यात वेळ जातो."

"तू विचारलास तिला?"

"काय?"

"परत ये म्हणून."

"त्यात विचारायचं काय? घर तिचं आहे. येईल की."

"ओ माय गॉड, बाबा!"

एवढं काय बिघडलं ते मला कळलं नाही. ताटलीतला ब्रेड तसाच टाकून ती बागेत जाऊन उभी राहिली. निघताना मात्र गाडीत बसायच्या आधी मला घट्ट मिठी मारली.

"तुला तिचा आठवण येते?"

"येते."

"मग टेल हर."

"तिला माहीत असणार गं."

देविकाने गाडी सुरू केली, काच खाली केली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि काच पुन्हा वर केली.

२७ ऑक्टोबर, रविवार

इथल्या हिवाळ्याच्या नियमाप्रमाणे घड्याळं तासभर मागे गेली. संध्याकाळ दुपारीच आली.

आज ब्रेड जमला. हाताची बोटं ताठ ठेवून पीठ नुसतं फिरवलं, गोळा जेमतेम एकत्र आला तसाच ट्रेवर, खडबडीत, ओट्स वर आलेले. फुली मारून लगेच आत. बाहेर काढून उलटा केला, बुडावर टकटक केलं, तर आतून पोकळ आवाज आला. अनुराधा असंच वाजवून पाहते. भांडी पुसायच्या टी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला. घरभर तो वास पसरला. एवढी वर्षं ज्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही तोच वास. मी जिन्यावर बसून राहिलो.

फोटो पाठवला. तिने लिहिलं, 'सुंदर! कोणी कोणी खाल्ला?'

'मी आणि शशी,' मी लिहिलं. शशी या आठवड्यात लेकाकडे गेलाय.

एकट्या माणसाचा हा ब्रेड संपत नाही. आणि दुसऱ्या दिवशीच कोरडा पडतो.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. चार पणत्या लावल्या, दारात एक, वाऱ्याने तीही विझली. शेजारच्या घरासमोर अजून हॅलोवीनचे भोपळे आहेत. देविकाला ऑफिस. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम उद्या आहे, पण जाणार नाही. तिथे गेलं की प्रत्येक जण 'अनुराधाताई कुठे' विचारणार.

संध्याकाळी तिचा फोन. तिने तिथे एक दिवा खिडकीत ठेवलाय. नोराच्या घरालगत एक लहान कॉटेज आहे, ती म्हणाली, भाड्याने मिळतेय.

"मार्चपर्यंत राहावं म्हणते."

मी टीव्ही बंद केला.

"तुम्हाला काय वाटतं?"

"तुला योग्य वाटेल तसं कर," मी म्हटलं. "माझी काळजी करू नकोस. माझं छान चाललंय."

"हो," ती म्हणाली. "आता ब्रेडसुद्धा जमतो तुम्हाला."

छान चाललेलं नाही. हे इथे लिहितो, कारण इथे कोणी वाचणार नाही. मला ती हवी आहे. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगायला हवी आहे. माझ्या चहात साखर किती पडते यावर नजर ठेवायला हवी आहे. समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून बसलेली हवी आहे. पण हे फोनवर म्हणायचं म्हणजे तिला पेचात टाकायचं. ती बिचारी माझ्यासाठी म्हणून परत येईल आणि मनातून तिथेच राहील. म्हणून मी शहाण्यासारखं बोललो. फोन ठेवल्यावर ती रडत असेल असं काहीतरी मला वाटलं, पण ते नोरासाठी असेल.

मार्चनंतर काय ते मी विचारलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

आज काही केलं नाही. ओव्हनही लावला नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

शशी परत आला. आम्ही डाऊन्सवर, म्हणजे इथल्या मोठ्या माळावर, फिरायला गेलो. धुकं होतं, दरीवरचा पूल दिसत नव्हता. मी त्याला मार्चचं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

तो चालता चालता थांबला. शशीची बायको तीन वर्षांपूर्वी गेली.

"आणि तू काय म्हणालास?"

"तुला योग्य वाटेल तसं कर."

"शाबास!"

"मग काय म्हणायला हवं होतं? तिच्या मर्जीविरुद्ध ओढून आणू?"

"अरे, ओढून आणायला कोण सांगतंय? तू तिथे गेला आहेस का एकदा तरी? इतक्या वर्षांत?"

"तिने बोलावलं नाही."

"बायको आहे ती तुझी, मंडळाची सेक्रेटरी नाही. निमंत्रणपत्रिका पाठवणार आहे का? माझी कुठे असती ना, श्री, तर मी विमानाची वाट बघितली नसती. पोहत गेलो असतो."

मला राग आला. त्याचं दुःख वेगळं, माझं वेगळं, असं काहीतरी मी बोललो आणि एकटाच घरी आलो. दिवसभर राग धरून होतो. अनुराधाचं आणि माझं कसं जमतं ते बाहेरच्याला कळणार नाही. आम्ही एकमेकांना मोकळं सोडतो. दुपारी तिचा एक फोटो पाहिला, देविकाने पाठवलेला. चर्च हॉलमध्ये कोणाच्या तरी दंडाला बीपीचा पट्टा बांधतेय आणि तोंड उघडं टाकून हसतेय. किती सुंदर दिसते, हे मी तिला शेवटचं कधी म्हटलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला.

संध्याकाळी तिकीट काढलं. तिला कळवलं नाही. कळवलं असतं तर ती 'कशाला दगदग' म्हणाली असती, आणि मी गेलो नसतो.

९ नोव्हेंबर, शनिवार. काउंटी डाऊन

काल आलो. सगळं नीट लिहून काढायला हवं, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी ब्रेड केला आणि गरम गरमच टी टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला. ब्रिस्टल विमानतळावर सिक्युरिटीच्या मुलीने तो उलटासुलटा करून पाहिला. मी सांगितलं, बायकोसाठी आहे. ती म्हणाली, "लकी लेडी." बेलफास्टहून बस, मग दुसरी बस. मी आयुष्यभर नकाशावर पाहिलेलं गाव प्रत्यक्षात एवढंसं निघालं. एक रस्ता, दोन दुकानं, पाठीमागे काळपट डोंगर आणि पुढ्यात समुद्र. वारा असा की टोपी हातात धरावी लागली.

कॉटेजला कुलूप होतं. अनुराधा लंच क्लबला असेल. मी बाहेरच्या बुटक्या दगडी भिंतीवर बॅग मांडीवर घेऊन बसलो. एक बाई कुत्र्याला घेऊन जाता जाता थांबली. "तुम्ही श्री का?" मी हो म्हटलं. म्हणाली, "आम्हाला वाटायचं अनू तुम्हाला मनाने रचून सांगते." आणि हसून निघून गेली. मी कुणी रचलेला माणूस आहे असं मला कोणी यापूर्वी म्हटलेलं नाही.

मग ती वळणावर दिसली. लाल कोट, डोक्याला स्कार्फ, हातात पिशवी. तिने मला पाहिलं आणि धावतच आली. या वयात, त्या उतारावरून.

"देविका ठीक आहे ना? काय झालं?"

"ठीक आहे. सगळे ठीक आहेत."

"मग तुमचं काही दुखतंय का? छातीत?"

"नाही गं."

"मग झालं काय? असे न सांगता कसे आलात?"

विमानात मी बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. "काही झालं नाही," मी म्हटलं. "घरी तू नव्हतीस."

ती माझ्या शेजारी भिंतीवर बसली आणि रडायला लागली. लहान मुलीसारखी, आवाज करून. नोरा गेली तेव्हाही फोनवर अशी रडली नव्हती. मी पाठीवर हात ठेवला. लोक जात-येत होते. मला तेवढं संकोचल्यासारखं झालं, पण हात काढला नाही.

आत आलो. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, वर झोपायची जागा. तिने चहा टाकला. मी ब्रेड काढला. तिने उलटा केला, टकटक वाजवला, कापला, लोणी लावलं. उभ्यानेच खाल्ला.

"मीठ कमी," ती म्हणाली. दुसरा तुकडा घेतला. "पण नोराने पास केलं असतं."

चहा होईपर्यंत बाहेर अंधारून आलं. कधी जाणार म्हणून तिने विचारलं, मी सोमवार सांगितला. ती मान हलवून आपला कप विसळायला लागली. पाठ माझ्याकडे होती, म्हणून मला बोलता आलं असावं.

"अनुराधा, परत येशील का?"

नळ बंद झाला. ती वळली नाही.

"हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय."

"हो."

"मार्चपर्यंत नाही येणार," ती म्हणाली. "मला इथे बरं वाटतंय. खोटं कशाला सांगू? इथे माझ्याशिवाय कोणाचं काही अडत नाही, आणि तरी माझी वाट बघतात. तेव्हाही मला जायचं नव्हतं इथून. तुम्ही इतके आनंदात होता की मी म्हणाले नाही."

तेव्हा म्हणजे केव्हा ते मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं, मी 'तुला सोडवलं' म्हणतो ते तेव्हा. चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यायलो. फार वाईट वाटलं आणि का कोण जाणे, हलकंही वाटलं. विचारल्यावर नाही म्हणाली, आणि मी अजून त्याच खुर्चीत बसलो होतो.

"मग मी राहू का?" मी म्हटलं.

आता ती वळली. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, पेशंटकडे पाहते तशी, कुठे काय दुखतंय ते शोधत. मग हात पुसून वर गेली. हँगरचे आवाज आले, खण ओढल्याचे आवाज आले. मी खालीच बसून राहिलो. बोलावलं नाही म्हणून वर जावं की नाही ते कळेना. मग गेलो.

तिने कपाटातले खालचे दोन कप्पे रिकामे केले होते. तिचे स्वेटर पलंगावर पडले होते.

"वरचे माझे," ती म्हणाली. "हे तुमचे."

मी बॅग उघडली. तीन दिवसांचे कपडे, औषधांचा डबा, दाढीचं सामान. सगळं नीट घड्या करून लावलं तरी एकच कप्पा भरला, तोही अर्धा. मी दुसरा तिला परत देऊ लागलो.

"असू दे रिकामा," अनुराधा म्हणाली. "भरेल."